शेगावात दिलेला शब्द

वकिली बंद करून बरेच दिवस झाले, तरी खामगावच्या भाजीबाजारात अजून कोणीतरी मागून हटकतंच. "वकीलबाई, ओळखलं का? माहा घटस्फोट तुम्हीच केला होता!" हे इतक्या मोठ्यानं आणि इतक्या आनंदानं म्हटलं जातं की भाजीवाली तराजू तसाच धरून माझ्याकडं बघत राहते. मी "हो हो, बरं चाललंय ना?" असं काहीतरी पुटपुटते आणि वांगी निवडायला लागते. खरं सांगायचं तर चेहरे आठवत नाहीत. भांडणं मात्र सगळी आठवतात.

आमचे हे हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. संध्याकाळी मी कोर्टातून आले की चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायचे, "आज किती घरं उठवली?" मी म्हणायची, "उठलेलीच होती. मी फक्त सामान बाहेर काढून दिलं." ही आमची रोजची थट्टा. माहेरची माणसं मात्र थट्टेनं घेत नसत. आत्या तर तोंडावर म्हणायची, "शिकून शिकून हेच करायचं होतं का गं तुला?"

बाहेरच्या माणसाला वाटतं, घटस्फोट म्हणजे कोर्टात आरडाओरडा आणि टेबलावर आपटलेल्या फायली. भांडून घ्यायचा असेल तर थोडंफार तसं असतंही. एकानं दुसऱ्यावर आरोप करायचे, ते सिद्ध करायचे, साक्षी, उलटतपास, तारखांवर तारखा. त्यात माणसाची उमेद संपते. दुसरा रस्ता परस्पर संमतीचा. दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा की आम्ही वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतो, आमचं जमत नाही, देण्याघेण्याचं सगळं ठरलेलं आहे, आम्हाला मोकळं करा. कोर्ट लगेच मोकळं करत नाही. सहा महिने विचाराला देतं. मग पुन्हा दोघांना उभं करून विचारतं, अजून तेच म्हणणं आहे का? दोघांनी हो म्हटलं तरच हुकूम. त्या शेवटच्या घटकेपर्यंत कोणीही एक जण फिरू शकतो, आणि फिरला की सगळी मेहनत पाण्यात.

आमच्या भागात याला राजीखुशीचा घटस्फोट म्हणतात. मी इतके केले, पण त्यात खुशीनं आलेलं कोणी पाहिलं नाही. थकून आलेले पाहिले. एक जोडपं लग्नाच्या अल्बमसाठी हटून बसलेलं. मला वाटलं दोघांनाही हवा आहे. तर कसलं काय, दोघांनाही तो नको होता आणि दुसऱ्याकडं ठेवायचाही नव्हता. शेवटी तो आमच्या कारकुनाच्या कपाटात राहिला, अजून असेल. आणखी एक गडी होता. हुकूम झाला, सह्या झाल्या आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणतो, "मॅडम, आमच्या गावाले आता एकच गाडी हाय. हिच्यासंगं त्याच गाडीत बसलो तर चालते का कायद्यानं?" मी म्हटलं, बस बाबा, कायद्याची हरकत नाही. खिडकीतून पाहिलं तर दोघं एसटीत मागेपुढे बसलेले, आणि हा तिची पिशवी वरच्या फळीवर चढवून देत होता.

संमतीच्या कामात खरी धास्ती असते ती सहा महिन्यांची. त्या काळात मामा फितवतो, काका फितवतो, शेजारीण फितवते. त्यावर मी एक तोड काढली होती आणि तिचा मला मोठा अभिमान होता. बोलणी मी कधी माझ्या ऑफिसात ठेवली नाहीत. दोन्हीकडच्यांना शेगावात बोलवायची. स्टेशनजवळच्या एका लॉजचा हॉल मिळायचा. आधी सगळ्यांनी दर्शन घ्यायचं, मग सतरंजीवर समोरासमोर बसायचं. कारण साधं होतं. आमच्याकडचा माणूस कोर्टात ईश्वरसाक्ष शपथ घेऊन खोटं बोलेल, पोलिसांपुढं बोलेल, सोयऱ्यांपुढं तर बोलेलच. पण महाराजांच्या गावात दिलेला शब्द फिरवायला त्याची जीभ रेटत नाही. शेगावात ठरलेलं सहसा मोडायचं नाही. बाररूममधले वकील मला चिडवायचे, "मॅडम, तुमचा अर्ज कोणत्या कलमाखाली? शेगावच्या का?" मी म्हणायची, "हसा. माझे पक्षकार फिरत नाहीत, तुमचे फिरतात."

प्रणिताचं प्रकरण याच काळातलं. ती पिंपळगाव राजाच्या गावंडे कुटुंबातली. नर्सिंग शिकलेली, बोलायला तिखट. लग्न होऊन उंद्रीला सोळंकेंच्या घरी गेली. नवरा नितीन, चांगली शेती, घरात ट्रॅक्टर, पण स्वभावानं संशयी. फोन कोणाचा आला, दवाखान्यातल्या नोकरीचं नाव कशाला काढलं, एवढ्यावरून पेटायचं. तिनंही काही कमी केलं नाही. सासूच्या अंगावर ताट भिरकावलं, गावाच्या चौकात नवऱ्याला नाही नाही ते बोलली. दोन्ही बाजूंनी खरं-खोटं होतं, पण तिच्या मनगटाचं मोडलेलं हाड मी स्वतः एक्स-रेत पाहिलं होतं. ते खोटं नव्हतं. तिनं माहेर गाठलं, आणि मग छळाची केस, पोटगीची केस, त्यानं टाकलेला नांदायला येण्याचा दावा, सगळं एकाच वेळी सुरू झालं. दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडं पाठ करून उभी राहायची. तारीख झाली की तो मोबाइलवर तिला टोचणारं स्टेटस ठेवायचा आणि ती बसमध्ये बसल्या बसल्या त्याला उत्तर द्यायची.

तारखेला प्रणितासोबत तिची आई येत नसे, भावजय यायची. वर्षा. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पदर खोचून भराभर चालणारी. हातातल्या पिशवीत दोन डबे. दुपारची सुटी झाली की एक डबा ती प्रणितापुढं उघडायची. दुसरा घेऊन व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जायची आणि नितीनच्या हातात द्यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाटच पडले. आपल्या बाजूची बाई विरुद्ध पक्षाला जेवू घालतेय! मी तिला हाक मारून विचारलं, "ए बाई, तू नेमकी कोणाच्या बाजूची?"

"दोन्हीकडची," ती म्हणाली. "तो माहा भाऊ होय वकीलबाई. आन हे माही नणंद. आता कोनाले उपाशी ठेवू सांगा?"

तेव्हा मला कळलं की हे साटंलोटं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन घरांनी एकमेकांची मुलगी करायची. तुमची आमच्याकडं, आमची तुमच्याकडं. गावंड्यांची प्रणिता सोळंक्यांच्या नितीनला दिली आणि त्याच मांडवात नितीनची बहीण वर्षा प्रणिताच्या भावाला, गणेशला दिली. लग्नाचा खर्च वाचतो हे एक, पण खरं कारण वेगळं. माझी पोर तुझ्या घरात आणि तुझी माझ्या घरात असली की दोघंही सांभाळून वागतात. दोन्ही पोरी एकमेकींना जामीन असतात म्हणा ना. एकीचं सुख दुसरीच्या सुखाला बांधलेलं, आणि दुःखही.

पण गंमत बघा, एका मांडवातली दोन लग्नं. एकाचं हाडापर्यंत गेलं आणि दुसऱ्याचं असं लागलं की पाहत राहावं. गणेश अगदी अबोल. तारखेला दोघींना घेऊन यायचा, कोर्टात पाऊल टाकायचा नाही, बाहेर निंबाखाली बसून राहायचा. संध्याकाळी पिंपळगावची गाडी फलाटावर लागली की गर्दीत पहिला धावायचा आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा. आधी बहिणीला बसवायचा, मग बायकोला. स्वतः उभा. वर्षा त्याला सगळ्यांदेखत दटावायची, "डोक्श्यावर काहीतरी बांधा ना, ऊन पाह्यलं का?" आणि हा हसायचा. अहो, आम्हा वकिलांना असलं बघायला मिळत नाही. आमच्याकडं येतात ती सगळी विझलेली घरं. त्या दोघांना पाहिलं की मला उगीचच बरं वाटायचं.

दोन वर्षं भांडून दोन्ही बाजू थकल्या. मी आणि समोरचे वकील बोललो, आणि संमतीचं ठरवायला सगळ्यांना शेगावात बोलावलं. दर्शन झालं, सतरंजी अंथरली गेली. इकडं प्रणिता, तिचे वडील गावंडेकाका आणि गणेश. तिकडं नितीन, त्याचे वडील सोळंकेकाका आणि एक मामा. वर्षा दाराशी, चहाचे कप भरत. सकाळभर घासाघीस झाली आणि एकेक मुद्दा सुटत गेला. आंदणाची भांडी परत, दागिने परत, पोटगीचं एकदाच काय ते, फौजदारीचं नागपूरला हायकोर्टात जाऊन मिटवायचं. मी मनात म्हटलं, चला, जमलं.

तेवढ्यात सोळंकेकाकांनी टोपी सारखी केली. "आता राह्यलं आमच्या पोरीचं."

"तुमच्या कोणत्या पोरीचं?" मला खरंच कळलं नाही.

"वर्षाचं. तुमची पोरगी तुमच्या घरी. आमची आमच्या घरी. साटं तुटलं तर दोन्हीकडून तुटलं पाह्यजे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, कायद्यात साटं-बिटं काही नसतं. त्या दोघांची एकमेकांविषयी काही तक्रार आहे का? त्यांचं कोर्टात काहीच नाही."

"तक्रार नाही म्हून तर नेऊन राह्यलो," ते म्हणाले. "उद्या आमचा राग तुम्ही तिच्यावर काढसान. मंग तिचाही हात मोडल्यावर न्यायची का मले?"

नितीननं मान खाली घातली. दोन वर्षं कोर्टात ज्या हाताविषयी त्यांच्याकडून ब्र निघाला नव्हता, तो आपल्या लेकीच्या काळजीत म्हाताऱ्यानं भर बैठकीत कबूल करून टाकला. मला त्यांचा संताप आला होता, पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती हे मी नाकारत नाही. आपल्या घरात सून कशी वागवली गेली हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

गणेश उठून उभा राहिला. "मी नाही पाठवत तिले."

"तर मंग नितीनही सही नाही करत," तिकडचे मामा म्हणाले. "चालू द्या तुमच्या केसेस. आमाले काई घाई नाही."

मी माझ्या पक्षकाराच्या वडिलांकडं पाहिलं. गावंडेकाकांनी नुसतं नाही म्हणायचं होतं. ते सतरंजीचे दोरे ओढत बसले. मग म्हणाले, "गणेश, खाली बैस. बहिनीचं पाह्य आधी." प्रणिता तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. "मले नाही पाह्यजे असं, मले नाही पाह्यजे," ती म्हणत होती, पण तिचं कोणी ऐकत नव्हतं.

दाराशी कपांचा आवाज थांबला. वर्षा तशीच पुढं आली. "बाबा, ताईले मोकळं करा," ती म्हणाली. "मी येईन उंद्रीले."

मी तिला दंडाला धरून जिन्यात नेलं. तिला सांगितलं की तू सज्ञान आहेस, तुला कोणी अदलाबदलीत नेऊ शकत नाही, तू नाही म्हण, मी बघते पुढचं काय ते. ती माझा हात थोपटून मलाच समजावायला लागली. "अवो, ताईचा निकाल लागेपर्यंत माहेरपण समजा. मंग हे येतीन ना घ्याले. बाबाचा राग काई जन्मभर राह्यते का?"

"आणि नाही गेला तर?"

"तुम्ही ताईच्या वकील ना? मंग ताईचं पाहा तुम्ही." हसत म्हणाली ती. खरंच होतं ते. माझ्या वकीलपत्रावर प्रणिताची सही होती. नितीनचा वकील नितीनचा होता. वर्षाचा कोणी नव्हता, कारण तिचं भांडणच नव्हतं.

ठरल्यावर सगळे पुन्हा दर्शनाला गेले. तशी रीतच होती माझ्या बैठकांची, मीच पाडलेली. जे ठरलं ते महाराजांच्या कानावर घालून यायचं. मला अर्ज टाइप करायचा होता म्हणून मी गाडी पकडून खामगावला आले.

अर्ज दाखल झाला. दोन्ही पक्ष कबूल असतील तर सहा महिने माफ करून मागता येतात, पण तिकडच्यांनी त्या विनंतीवर सही दिली नाही. त्यांना पोरगी घरात टिकते का ते बघायचं होतं. ती टिकली. मुदत संपल्यावर नितीन वेळेवर हजर झाला. न्यायाधीशांनी विचारलं, स्वखुशीनं आहे का, कोणाचा दबाव आहे का? दोघंही म्हणाले, दबाव नाही. संध्याकाळच्या आत हुकूम. इतकं सरळ काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. पण दुपारच्या सुटीत दोघांपैकी कोणाकडं डबा नव्हता. प्रणिता इकडच्या बाकावर, नितीन तिकडच्या. माझ्या लक्षात आलं की दोघंही एकाच जिन्याकडं बघत बसलेत. कोणी येईल अशी सवय लागलेली, दुसरं काय. मी प्रणिताला माझ्यातली पोळी दिली, तिनं ती हातातच धरून ठेवली.

हुकमानंतर काही आठवड्यांनी गणेश ऑफिसात आला. एकटा. खुर्चीवर बसायला तयार होईना.

"नाही म्हणते, मॅडम."

"सासरे पाठवत नाहीत ना? मी नोटीस देते त्यांना."

"ते नाही. तेच नाही म्हणते. वर्षाच."

मग अडखळत अडखळत त्यानं सांगितलं. बैठकीच्या दिवशी, दुसऱ्या दर्शनाच्या रांगेत, सोळंकेकाकांनी लेकीला बाजूला घेतलं होतं. तिच्याकडून वदवून घेतलं होतं, समाधीपुढं हात जोडून, की भावाचं मोडलं तर मीही नांदणार नाही. तिनं शब्द दिला होता. देऊन टाकू, ताई सुटेल, पुढचं पुढं पाहू, असं तिला त्या क्षणी वाटलं असणार. घरी आल्यावर मात्र तो शब्द तिच्या छातीवर बसला. गणेश घ्यायला गेला तर दारात येऊन रडली, त्याला पाणी दिलं, जेवू घातलं, आणि परत पाठवलं.

मी त्याला कायदा सांगितला. "नांदायला येण्याचा दावा टाकता येतो. कलम नऊ. तिच्या बापाचा दबाव आहे हे आपण मांडू."

"तिच्यावर केस करू?" तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "मॅडम, आमचं भांडण काय हाय?"

इतकी वर्षं वकिली केली, कपाट भरून पुस्तकं, पण त्यातलं एकेक कलम भांडणाऱ्यांसाठी लिहिलेलं. ज्यांचं भांडणच नाही त्यांच्यासाठी मला काही सापडेना. त्या संध्याकाळी यांनी नेहमीसारखं विचारलं, "आज किती घरं उठवली?" मी म्हटलं, "एक उठवायला गेले होते हो, दोन उठली." आणि मला रडूच फुटलं. त्यानंतर ते तसं कधी विचारत नसत. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

यात माझं काय चुकलं हे मी पुष्कळदा शोधून पाहिलंय. सापडत नाही. वर्षाला मी नाही म्हणायला सांगितलं होतं. प्रणिताचा जीव सुटणं गरजेचं होतं. काम कायद्यानं चोख झालं. दुःख आहे ते हेच. चूक सापडली असती तर निदान तिच्यावर राग तरी काढता आला असता.

पुढं जे झालं ते प्रणितानं मला स्वतः सांगितलं. ती एकटी उठून उंद्रीला गेली. ज्या घरात तिचा हात मोडला, ज्या घराशी आता तिचा काडीचा संबंध नव्हता, त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. गल्लीतली माणसं जमली. नितीन दारात आला.

"काऊन आली?" त्यानं विचारलं.

"तुह्यासाठी नाही आली. माह्या वहिनीले न्याले आली. नणंद होय मी तिची, माहा हक हाय," असं तिनं ठणकावून सांगितलं. नितीन बाजूला झाला. त्याला मी कधी भला माणूस म्हटलं नाही, पण तेवढं त्यानं केलं. सोळंकेकाका आत खाटेवर बसून होते, त्यांनीही तिला अडवलं नाही. वर्षा बाहेर आली. दोघी अंगणातच गळ्यात पडून रडल्या. प्रणिता म्हणाली, "चाल. तुह्या घराच्या बदल्यात भेटलेलं मोकळेपण मले नाही पाह्यजे." वर्षानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, मी महाराजाले सांगून बसली. आता कशी येऊ?" मग आत जाऊन भाकरी आणि ठेचा बांधून आणला. "यायले देजो. घरी असा ठेचा कोन करून देते त्यायले," असं म्हणून ते गाठोडं नवऱ्यासाठी प्रणिताच्या हातात दिलं. प्रणिता ते मांडीवर घेऊन एसटीत बसली आणि पिंपळगाव येईपर्यंत रडत होती.

प्रणिता आता एका दवाखान्यात नर्स आहे. चांगलं काम करते. माहेरी मात्र सणासुदीलाही जायला तिला जिवावर येतं. "भाऊ काही बोलत नाही मॅडम," ती मला म्हणाली होती, "पण स्वैपाकघरात आई एकटीच दिसते, अन् मले घास जात नाही." गावंडेकाकांनी गणेशसाठी दुसरी मुलगी पाहायची खटपट केली. पण पहिलं लग्न कागदावर अजून जिवंत, आणि ते मोडायला दोघंही तयार नाहीत. वर्षानं घटस्फोट मागितला नाही, गणेशनं दिला नाही. ज्यांना मोकळं व्हायचं असतं त्यांना कोर्ट सहा महिने थांबवतं, आणि ज्यांना व्हायचंच नाही ती ही अशी.

मागच्या वर्षी एका गुरुवारी मी शेगावला गेले होते. आता बैठका नाहीत, नुसतं दर्शन. परत येताना बसस्टँडच्या बाजूला एका झाडाच्या सावलीत एक जोडपं एका डब्यात जेवताना दिसलं. बाईनं पदर खोचलेला. हात ओळखीचा वाटला, भाकरी मोडून दुसऱ्यापुढं सरकवायचा. वर्षाच होती. केसांत थोडी चांदी आलेली. गणेशही वाळला होता. मला पाहून दोघंही उठून उभी राहिली, जणू शाळेत बाई आल्या.

"जेवा वकीलबाई," तिनं म्हटलं आणि जागा करून दिली.

दर गुरुवारी ती उंद्रीहून दर्शनाला येते, तो पिंपळगावहून येतो. डबा ती आणते. पोळा असला तर पुरणाची, नाहीतर भाजी-भाकर. तो शेतातलं काहीबाही आणतो, तिचे सासू-सासरे कसे आहेत ते सांगतो, म्हशीचं सांगतो. दोन-तीन तास बसतात आणि आपापल्या गाडीनं आपापल्या गावी जातात. इतकी वर्षं हे चाललंय. मूलबाळ नाही. व्हायचं वयही निघून चाललं.

"बापाला हे माहीत आहे?" मी विचारलं.

"हाव, माईत हाय ना. डबा भरताना बाबाच पाहते." ती हसली. "नांदणार नाही असं म्हटलं मी. भेटणार नाही असं कुठी म्हटलं?"

वकिलाला शोभेल असा मुद्दा होता. मलाही हसू आलं, आणि मग राहवलं नाही. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, अगं वेडे, इथं शेगावातच एक खोली घ्या आणि राहा दोघं. तो शब्द तुझ्या बापानं धाकानं काढून घेतलेला. मनात नसताना दिलेल्या शब्दाला काडीची किंमत नसते, कोर्टातही नसते आणि देवाच्या दारातही नसते. कोण तुला जाब विचारणार आहे? गणेश खाली बघत माझं बोलणं ऐकत होता. त्याला ते हवं होतं, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

वर्षानं डब्याचं झाकण लावलं, दाबून घट्ट केलं. मग माझ्याकडं पाहिलं. "पण वकीलबाई, इथं देल्लेला शब्द मानूस मोडत नाही, म्हून तर तुम्ही सारे भांडनं इथं आनत होत्या ना?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं, टोमण्यांना उत्तरं द्यायची मला आयुष्यभराची सवय आहे. ती अगदी सरळ मनानं विचारत होती, आपल्याला आधार देणाऱ्या मोठ्या माणसाला विचारावं तसं.

चिखलीकडची गाडी लागली. तीच उंद्रीवरून जाते. गुरुवारची ही गर्दी उसळली. गणेश धावत गेला, माणसांमधून वाट काढून खिडकीपाशी पोचला आणि आत रुमाल टाकला. "पकडली, ये!" तो ओरडला. वर्षा चढली, रुमाल उचलून त्या जागेवर बसली, आणि त्याची नीट घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला. मी खिडकीखाली उभी होते. "अगं, त्याचा रुमाल?"

"धुऊन आनीन पुढच्या गुरुवारी," ती म्हणाली. "मागचा देला नं त्यायले आज."

गाडी निघाली. वळणाआड जाईपर्यंत गणेश हलला नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मॅडम, खामगावची लागून राह्यली. तुमची जागा धरतो ना." त्यानं सवयीनं खिशात हात घातला. आज मिळालेला रुमाल तर आत्ताच गाडीत गेला होता. तो तसाच उभा राहिला, आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसू लागला.